उलटी चढलेली कॉइल

कॉइल उलटी चढवली ती विरेशनं. उमरग्याच्या हायवेवरल्या पत्र्याच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता. डिप्लोमा ताजा, रुबाब त्याहून ताजा. कॉइल, म्हणजे पत्र्याची मोठी गुंडाळी, बाहेरून यायची. पातळ पोलाद, त्यावर जस्ताचा मुलामा, त्यावर रंग लावून भट्टीत भाजलेला. एक अंग निळं, दुसरं राखाडी. इथं ती रोलरांच्या रांगेतून सरकायची, पत्र्याला नाल्या पडायच्या नि पुढं कटर खाली यायचा. निळं अंग वर, एवढंच ध्यानात ठेवायचं. विरेश क्रेनवाल्या बालाजीला हात करता करता फोनवर बोलत राहिला.

मशीनवर गुंडाप्पामामा होते. मशीन आलं तेव्हापासून तेच. निघालेल्या पत्र्यावर तळहात फिरवायचे. ओरखडा बोटांना कळायचा. त्या दिवशीही फिरवला. थप्पी कमरेएवढी झाली.

बालाजी जेवायला जाताना थबकला. "मामा, निळ्याची ऑर्डर हाय ना?"

"मग काय गुलाबी हाय व्हय? तुझ्या लग्नाचा मांडव न्हाय ह्यो."

"ह्यो तर राखाडी निघालाय."

गुंडाप्पा वाकले. नाक पत्र्याला टेकेस्तोवर वाकले. मग हळूच म्हणाले, "व्हय की."

तेव्हा शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या विरेशला उमगलं, हात फिरवायची ती सवय नव्हती, गरज होती. काचबिंदू. गेलेली नजर परत येत न्हाय, असं डॉक्टरनं कधीच सांगितलं होतं. मामांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

विरेश मालकांपुढं उभा राहिला. "अण्णा, चूक माझी हाय."

शिवानंदअण्णा म्हणाले, "तुझी चूक उद्या सुधरंल. त्यांचे डोळे? दिसत न्हाय त्या माणसाला कटरपाशी कसा उभा करू?"

संध्याकाळी मामांचा हिशेब चुकता झाला.

गेटपर्यंत विरेश सोबत गेला. मामांची बायको शांतम्मा विरेशसाठी रोज धपाटं द्यायची, ते आजही डब्यात होतं. मामांनी ते त्याच्या हातावर ठेवलं.

"साहेब, त्या थप्पीतला एक पत्रा आमच्या न्हाणीवर टाका. आतून निळा दिसंल."

विरेशनं मामांच्या डोळ्यांकडं पाहिलं.

"मला न्हाय हो. शांतम्माला."

"उद्याच आणतो, मामा."

थप्पी भंगारात गेली. एक पत्रा विरेशनं भिंतीला टेकवून ठेवलाय. त्याच्यावर आता धूळ आहे. टेंपो मिळाला की पोचवायचा, असं तो बालाजीला सांगतो. टेंपो रोज मिळतो.