डाव्या हाताखालची जागा

शोरूममधल्या नव्या गाडीत माझा मित्र शिरीष बसला आणि त्याचा डावा हात आपसूक खाली गेला. तिथे गिअरचा दांडा नव्हता. फोन ठेवायचा एक गुळगुळीत कप्पा होता. हात तिथे क्षणभर चाचपडला आणि मुकाट्याने मांडीवर येऊन पडला.

ही महागडी, वेगवान गाडी आम्हा दोघांनाही कधीच परवडणार नव्हती. तरी नवं मॉडेल येणार म्हटल्यापासून दर रविवारी चहावर आम्ही, कंपनी जणू आमच्याच होकारासाठी अडून बसली आहे अशा थाटात, बोलायचो. गिअर हातानेच टाकायचे. स्टिअरिंग जरा जड हवं, आणि इंजिनाचा आवाज कसा, छातीत घुमला पाहिजे.

"आवाजाचं काय?" शिरीषने विचारलं.

"इलेक्ट्रिक आहे ना, स्पीकरमधून येतो, सर. नको असेल तर बंदही करता येतो," सेल्समन अदबीने म्हणाला.

जे आपलं कधी होणारच नव्हतं, तेही हातचं जाऊ शकतं, हे मला या वयापर्यंत ठाऊक नव्हतं.

परतताना सिग्नल सुटला, तरी शिरीष आपल्या जुन्या गाडीच्या गिअरवर तळवा ठेवून तसाच बसून राहिला. मागून हॉर्न वाजायला लागले, तेव्हा कुठे त्याने पहिला टाकला.

पुढच्या रविवारी चहावर आम्ही गुडघेदुखीबद्दल बोललो.