उणे चिन्ह आणि सोललेली पट्टी

आईला तिच्या मैत्रिणी विचारतात, "तुमची लेक नेमकं करते काय?" आई सांगते, "कॉम्प्युटरवर तेल-पाणी ढवळते."

"मग मिसळतं का?"

"नाही मिसळत."

"मग?"

इथे आई गप्प होते. खरं सांगायचं तर बरीच वर्षं मीही इथे गप्पच व्हायचे.

प्लॅस्टिकचे दाणे बनवणाऱ्या कारखान्यात मी नोकरीला आहे. दोन जातींची प्लॅस्टिकं वितळवून एकत्र केली, तरी ती बहुधा एकमेकांपासून फटकूनच राहतात. एकाचे थेंब दुसऱ्यात तरंगतात. थेंब बारीक झाले तर माल मजबूत, मोठे राहिले तर ठिसूळ. ते कसे फुटतील, पुन्हा एकमेकांत शिरून कसे मोठे होतील, हे कॉम्प्युटरवर आधीच बघून ठेवायचं, हे माझं काम. खाली मशीनवरची मंडळी माझ्या माघारी मला 'थेंबबाई' म्हणतात. मी उंचीने बेताची आणि अंगाने गोल, म्हणून हे नाव नक्की कशावरून पडलं याची चौकशी मी कधी केली नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे टाकाऊ बाटल्यांपासून क्रेट बनवायचं ठरलं. बाटली एका प्लॅस्टिकची, झाकण दुसऱ्याचं. दोन्ही एकत्र वितळवायची आणि त्यांना धरून ठेवायला एक तिसरं द्रव्य चिमूटभर घालायचं, असा बेत होता. मी गणित मांडलं, कॉम्प्युटर आठवडाभर घुमला आणि पडद्यावर एका प्लॅस्टिकचा निळा नि दुसऱ्याचा पिवळा रंग विरघळून सपाट हिरवा झाला. मी थक्क! मीटिंगमध्ये उभी राहून सांगितलं, "तिसऱ्या द्रव्याची गरजच नाही. ही दोन्ही आपखुशीने मिसळतात." साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी पडद्यावरची ती फिल्म घरच्या ग्रुपवर टाकली. आईने ती दातांच्या डॉक्टरांनाही दाखवली, तेसुद्धा स्वतःच्या तोंडात कापूस असताना.

मग माल प्रत्यक्ष मशीनवर चढला. मशीनवर तीस वर्षं काढलेले आमचे मिस्त्री आहेत. त्यांनी नमुन्याची पट्टी हातात घेतली, कडेला नख लावलं आणि कांद्याची साल काढावी तशी ती थराथराने सोलून माझ्या हातावर ठेवली.

"बाई, हे तुमचं हिरवं. आमच्याकडे त्याचे परत दोन रंग झाले."

मी ताडकन म्हणाले, "तुमचं तापमान चुकलं असेल."

त्यांनी मशीनवरच्या काट्याकडे बोट दाखवलं. तापमान मीच लिहून दिलेलं होतं, तेवढंच होतं.

पुढचे दोन दिवस मी मशीन, दाणे, हवेतला दमटपणा, सगळ्यांवर संशय घेतला. स्वतःला सोडून. तिसऱ्या दिवशी सापडलं. दोन प्लॅस्टिकांना एकमेकांचा किती तिटकारा आहे हे सांगणारा एक आकडा असतो. त्याच्यापुढे मी उणे चिन्ह टाकलं होतं. तिटकाऱ्याचं प्रेम झालं होतं, आणि त्याच प्रेमावर मी टाळ्या घेतल्या होत्या.

'सुधारित गृहीतकांनुसार निष्कर्षात किंचित बदल' असं वाक्य मी चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. शेवटी खाली गेले आणि आधी मिस्त्रींनाच सांगितलं.

"एवढीशी रेघ?" त्यांनी बोटांनी माप दाखवलं.

"एवढीशीच."

"आणि अख्खा ढीग वाया!" ते पोट धरून हसले. मग हात पुसत म्हणाले, "पण खरं सांगू? रेघ नसती तरी माल सुटलाच असता. आपण फार तापवतो. बाटलीचं पार पाण्यासारखं होतं, झाकणाचं घट्टच राहतं. मग ते ढवळून ढवळून किती ढवळणार?"

"मग आधी का नाही बोललात?"

"मीटिंगला मला बोलावतं कोण? आणि तुम्ही फिल्म दाखवत होता. किती खुशीत होता!"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. वर येऊन मी चिन्ह बदललं, तिसरं द्रव्य परत घातलं आणि मिस्त्रींनी सांगितलं तसं तापमान उतरवलं. दोन्ही प्लॅस्टिकं सारखी घट्ट झाली, आणि पडद्यावरचे थेंब फुटत फुटत मोहरीएवढे दिसायला लागले. साहेबांना सगळं खरं सांगितलं, रेघेसकट. ते एवढंच म्हणाले, "मिस्त्रींना वर बोलवा."

दुसऱ्या खेपेची पट्टी मिस्त्रींनी पाच मिनिटं खरवडली. पट्टी तशीच राहिली, नख तुटलं. क्रेट निघाले, अजूनही निघतात. अहवालात मी मिस्त्रींचं नाव पहिलं घातलं, तर आडनावाचं स्पेलिंग चुकवलं. ते त्यांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.

आता नवीन माल चढवण्याआधी मिस्त्री वर येतात, माझ्या खुर्चीवर फडकं अंथरून बसतात आणि फिल्म बघतात. मधेच पडद्यावर बोट टेकवतात. "हा थेंब मला खोटा वाटतो." दहातल्या सात वेळा तो खोटाच निघतो. उरलेल्या तीन वेळा मी बरोबर असते, पण ते मान्य करायला त्यांना अजून वेळ मिळालेला नाही.