मेपलची पानं आणि सुलभाताईंचा हात

चार मराठी माणसं एका टेबलाभोवती बसली की काम कमी आणि किस्से जास्त! सिंगापुरात बिशानला दर शनिवारी आम्ही लाकडी ठशांवरून जपानी चित्रं छापायला शिकायचो. विषय ठरलेला: पक्षी आणि शरदातली लाल पानं. शिकवायला ओगावासान. वय चाळिशीचं, लग्न केलेलं नाही, सहनशक्ती अफाट. त्या बाईंचे उपकार फिटायचे नाहीत!

*

बँकेतल्या देशपांड्यांनी महिनाभर खपून करकोचा कोरला. त्यांची धाकटी लेक बघून म्हणाली, "पपा, धिस वन मैना लाह! हॉकर सेंटरमध्ये टेबलावरचं उष्टं खाते ती!"

ओगावासान गंभीरपणे म्हणाल्या, "करकोचाच आहे. फक्त सिंगापूरला सेटल झालाय."

*

छपाईचा कागद दमट लागतो. "ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा," असं बाईंनी सांगितलं. आमच्या फ्रिजमध्ये ओलं फडकं एकच, कोथिंबिरीचं! मी कागद त्यातच गुंडाळला.

बाईंनी माझं चित्र नाकाशी धरलं. "जपानमध्ये शरदाला असा वास नसतो."

देशपांडे म्हणाले, "आमच्याकडे वडीला असतो!"

*

पुंगोलच्या सुलभाताईंना त्यांची सून घेऊन यायची. पक्षाघातानंतर ताईंचा उजवा हात टेबलाच्या वर उचलत नव्हता. "हाताला काम द्या," असं नोव्हेनाच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. ताईंना ध्यास एकच, आपली वेणी आपण घालायची. ओगावासान त्यांच्या हातावर आपला हात ठेवून ठशावर कागद घासून घ्यायच्या, दर शनिवारी, न कंटाळता.

देशपांडे चिडवायचे, "ताई, तुमची पानगळ फार सावकाश!"

"इथं पानगळ होतच नाही. मग घाई कुणाला?"

*

दसऱ्याला इथं आपट्याची पानं कुठली मिळायला! ताईंनी मेपलची पानं सोनेरी रंगात छापली, सुनेनं कापली. ताई खुर्चीत बसून वाटत होत्या. "डाव्या हातानं देतेय, राग मानू नका. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा!"

ओगावासाननी पान दोन्ही हातांनी घेतलं आणि जपानी रीतीनं आभार मानायला ताईंसमोर वाकल्या. पण दसऱ्याला सोनं घेऊन कुणी वाकलं, की आपल्याकडे तो नमस्कारच!

ताईंचा उजवा हात उठला आणि थेट बाईंच्या डोक्यावर टेकला.

"अखंड सौभाग्यवती भव!"

ओगावासान तशाच वाकलेल्या. "व्हॉट डझ इट मीन?"

आम्ही सगळे त्या हाताकडे बघत होतो.