वकीलसाहेबांच्या गाडीतला बत्ता

अमरावतीला जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात वकीलसाहेबांची गाडी दिसली. पाटीवर लिहिलं होतं, 'सर्व भाग मूळ विलायती'. माझं डोकंच फिरलं.

साठ-बासष्ट साली तिच्या स्टेअरिंगचा बुश, म्हणजे दांड्याभोवतीचं पितळी कडं, झिजला, तेव्हा ती अकोल्यात माझ्या लेथसमोर उभी होती. नवा बुश मिळेना, चांगलं पितळही मिळेना. बायकोनं लग्नात आलेला पितळी बत्ता पुढं केला. म्हणाली, "घ्या, मले कुटाले दगड पुरते." तो कातून मी बुश केला, तेव्हा किसाला लसणाचा वास येत होता.

गाडी न्यायला आलेले वकीलसाहेब माझ्यासमोरच सोबतच्या पाहुण्यांना म्हणाले, "बुश विलायतेहून मागवला." आपलं काम तसं वाटलं म्हणून मी तेव्हा खूश झालो होतो. कशाचा खूश? ती जन्मभर दगडानं लसूण ठेचत राहिली. पाटीवर लिहा खुशाल विलायत. ते पितळ मूर्तिजापूरचं आहे, तिच्या माहेरचं.