माझ्यामागची सायकल

सायकल मी निवृत्तीनंतर शिकले. त्याआधीचे आयुष्य यवतमाळच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेले, जिथे हळू बोलणे हाच शिष्टाचार होता. घरी मी एकटीच. कधी कधी दुपार कलल्यावर लक्षात येई, की सकाळपासून आपण तोंडातून शब्दही काढलेला नाही. मग स्वयंपाकघरात उभी राहून मी एखादे वाक्य उगाचच मोठ्याने म्हणून पाही.

गावोगावच्या रुग्णांना डायलिसिससाठी यवतमाळला ने-आण करणारी गाडी घ्यायची होती. त्यासाठी शहरातल्या काही सायकलस्वारांनी यवतमाळ ते दिग्रस अशी दोन दिवसांची फेरी ठरवली. डांबरी रस्ता शक्यतो टाळायचा, पांदणींनी, म्हणजे शेतांमधल्या बैलगाडीच्या वाटांनी, आणि शेतांच्या कडेकडेने जायचे, रात्रीचा मुक्काम दारव्ह्याला करायचा. प्रत्येकाने आपापले देणगीदार मिळवायचे होते. कार्य चांगलेच होते. पण मी नाव नोंदवले ते सोबतीच्या आशेने. दोन दिवस माणसांबरोबर जाईन, बोलेन, असे वाटले होते.

पहिल्याच तासात माझा स्वभाव आडवा आला. मागून कुणी जवळ आले, "चला मॅडम," म्हणाले, की माझ्या तोंडून आपोआप निघे, "तुम्ही व्हा पुढे, मी येतेच." ती माणसेही सभ्य, त्यामुळे खरोखरच पुढे होत. अशा रीतीने मी सगळ्यांना एकेक करून पुढे पाठवले आणि सर्वांत मागे उरले.

माझ्याही मागे मात्र एक सायकल होती. अशा फेरीत शेवटच्या स्वाराच्या मागे एकाने राहायचे असते, म्हणजे कुणी वाटेत सुटत नाही. आमच्याकडे त्या माणसाला 'शेपूट' म्हणत. त्या दिवशी शेपूट होत्या एक परिचारिका. दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यातल्या, चाळिशीच्या, अंगावर हिरवे जाकीट. सगळे त्यांना सिस्टर म्हणत.

"सिस्टर, तुम्ही व्हा ना पुढे," मी त्यांनाही म्हणाले.

"वा मॅडम! मी पुढे गेली त शेपूट कोन होईन? तो बैल?" बाजूच्या शेताच्या धुऱ्यावर एक बैल उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिलेही नाही.

"तुमचा खोळंबा होतो माझ्यामुळे."

"कायचा खोळंबा? आरामानं चाला. दारव्हा काई पळून नाई चाललं."

त्यांच्याशी खूप बोलावेसे वाटत होते. तांड्याबद्दल विचारावे, रुग्णालयाबद्दल विचारावे. पण पांदण अरुंद, दोन्ही बाजूंना कापूस; एकामागे एक जाण्याशिवाय गत्यंतर नाही. मान न वळवता कुणाशी बोलायचे कसे, ते मला कुणी शिकवले नव्हते. मी वाक्य मनात जुळवी, आणि ते पुरे होईपर्यंत खड्डा येई.

दुपारनंतर माझी गती आणखी मंदावली. मी थांबले की त्या थांबत. एकदा त्यांचा फोन वाजला आणि त्या म्हणाल्या, "आता कुठची जेवून राह्यली! अजून मागंच हाय." बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र ते वाक्य टोचत राहिले. सोबत मागायला आले होते, आणि एका उपाशी बाईच्या पायांत लोढणे होऊन बसले होते.

मग मी एक विचित्र गोष्ट केली. पांदणीला एक वळण होते आणि वळणाच्या आत विहिरीच्या मोटारीची खोली. वळण घेताच मी सायकल ढकलत खोलीमागे नेली आणि श्वास रोखून उभी राहिले. मी पुढे गेले आहे असे वाटून त्या निघून जातील, वेळेवर जेवतील. मग मी माझ्या चालीने येईन, एवढाच माझा हिशेब. थोड्याच वेळात हिरवे जाकीट समोरून गेले.

"ओ मॅडम! हळू जा ना थोड्या!" त्या पुढच्या रिकाम्या वाटेला ओरडून सांगत होत्या. "चहाचा वास आला काय?"

त्यांचा आवाज दूर गेला आणि मी बाहेर आले. शेतात कुणी नव्हते. इतका वेळ मागे कुणीतरी आहे याचे ओझे वाटत होते. ते उतरले तेव्हा कळले, की दिवसभर मी त्याच्याच आधाराने चालले होते.

पुढे फाटा आला. वाट दाखवायला चुन्याने काढलेला बाण कापसाच्या ट्रॅक्टरने पुसून टाकला होता. मी अंदाजाने उजवीकडे वळले. ती वाट स्वारांसाठी मध्ये पाणी ठेवले होते तिथे न जाता थेट डांबरी रस्त्याला लागली. काळीपिवळी जीपगाड्या हॉर्न देत जवळून जात होत्या. त्यांच्यामागून मी दारव्ह्यात पोहोचले, तेव्हा ऊन उतरले होते.

मुक्काम शाळेत होता. पंगत बसली होती. मी सायकल भिंतीला टेकवली, हात धुतले, कोपऱ्यातली जागा घेतली. कुणी काही विचारले नाही. मी कोणत्या वाटेने, केव्हा आले, हे विचारावे असे कुणाला वाटले नाही.

काही वेळाने फेरीचे प्रमुख असलेले डॉक्टर म्हणाले, "शेपूट नाई आलं अजून?"

"येईन ना," एकजण म्हणाला. "त्या मॅडमच्या मागं असंन."

"कोनत्या मॅडम?"

"त्या नाई काय, तुम्ही व्हा पुढे म्हन्तेत, त्या!"

सगळे हसले. हसता हसता कुणाची तरी नजर माझ्याकडे गेली, आणि डॉक्टरांनी लगेच फोन काढला. सिस्टरचा फोन लागत नव्हता.

मला सारे लख्ख दिसले. पाण्याच्या ठिकाणी त्यांनी चौकशी केली असेल, मॅडम आल्याच नाहीत हे कळले असेल, आणि त्या उलट फिरल्या असतील. अंधार पडू लागलेल्या पांदणीत एकच माणूस मला शोधत होते. मी उभी राहिले.

"मी लपले होते," मी म्हणाले. "त्या मलाच शोधत असतील. मला वाट माहीत आहे."

डॉक्टरांनी पिकअप काढली, माझी सायकल तिच्यात टाकली. पांदणीच्या तोंडाशी ती थांबली. आत गाडी जाण्यासारखी नव्हती. मी सायकल उतरवून घेतली, थोडी आत गेले आणि हाक मारली. पहिली हाक मलाच नीट ऐकू आली नाही. दुसरी मात्र अशी निघाली, की झाडावरची पाखरे उडाली.

"आली, आली! काहून बोंबलून राह्यल्या?" कपाशीतून उत्तर आले. दिवा हलत हलत जवळ आला. चिखलाने माखलेल्या सिस्टर सायकलवरून उतरल्या. "विहिरीत वाकून वाकून पाह्यलं मी, मॅडम. समजते काय तुमाले? विहिरीत!"

मी क्षमा मागितली. लपण्याचे कारणही सांगितले.

"मले उपास नाई घडला पाह्यजे म्हणून?" त्या म्हणाल्या. "आन् आता काय घडला?"

डॉक्टरांनी सायकली गाडीत टाकायला सांगितल्या. आपण सायकलीनेच येऊ, असे सिस्टर म्हणाल्या. मीही तेच म्हणाले. पिकअप दिवे लावून हळूहळू पुढे निघाली. रस्ता रुंद होता. मी धीर करून विचारले, "बरोबरीने चालवू या का?"

"नाई. तुम्ही पुढेच. आता मी तुमाले नजरेतून सोडत नसते."

मी पुढे झाले. मागे साखळीची करकर सुरू झाली. थोड्या वेळाने त्यांचा फोन वाजला आणि त्या गोरबोलीत, त्यांच्या बंजारा बोलीत, घरच्यांशी बोलू लागल्या. त्यातला एक शब्दही मला कळत नव्हता. मधूनच त्या हसत होत्या, बहुधा मलाच. गावाचे दिवे दिसू लागले. मी पॅडलवरचा जोर कमी केला.

"काय झालं? थकल्या काय?" मागून आवाज आला.

"नाही," मी म्हणाले. "बोला तुम्ही."