लेकरात उतरंल का?

मला एचआयव्ही आईकडून, जन्मतानाच मिळाला. लहानपणापासून गोळ्या घेत शिकले आणि श्रीगोंद्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागले. लग्नाआधीच नवऱ्याला आणि सासूबाईंना सगळं सांगितलं होतं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि मला चहा परत गरम करून दिला.

पाचवा महिना चालू होता. मी स्वयंपाकघरात उद्याचा धडा मोठ्यानं म्हणून बघत होते, "विषाणू पांढऱ्या पेशीत शिरतो, आपल्या आरएनएपासून डीएनए बनवतो आणि पेशीच्याच डीएनएमध्ये जोडून टाकतो. पेशी विभागली की त्याचीही नक्कल निघते."

सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मंग ते लेकरात बी उतरंल की गं? बापाचं नाक उतरतं तसं?"

उत्तर मला पाठ होतं, पण माझ्याच बाळाबद्दल ते मलाही दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नगरला माझ्या डॉक्टरबाईंकडे गेलो.

त्यांनी सासूबाईंनाच समोर बसवलं. "मावशी, हा ठरावीक पांढऱ्या पेशींत दडतो. ज्या बीजापासून बाळ झालं त्यात नाही. म्हणून नाकासारखा उतरत नाही. धोका असतो तो आईच्या रक्तातून, दुधातून. पण गोळ्यांमुळे हिच्या रक्तात तो तपासणीत दिसण्याइतकाही उरलेला नाही."

"मंग गोळ्या बंद करा की!"

"पेशीत दडलेल्या नकला गोळ्यांनी निघत नाहीत. बहुतेक मोडक्या, अर्धवट असतात, पण काही धड असतात. गोळ्या थांबल्या की त्या जाग्या होतात."

"म्हंजी त्याला नीट नक्कलबी करता येत न्हाई व्हय!"

डॉक्टरबाई चष्मा काढून हसायला लागल्या. मीही हसले, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. नवरा नुसता माझी पाठ थोपटत राहिला.

मुलगी झाली. तिला जन्मल्याबरोबर औषध सुरू केलं, वेळच्या वेळी रक्त तपासलं. दीड वर्षाची झाल्यावर शेवटची तपासणी निगेटिव्ह आली, त्या संध्याकाळी सासूबाईंनी सगळ्या आळीत पेढे वाटले. कशाचे म्हणून कुणी विचारलं, की सांगायच्या, "नात चालाया लागली."

ती तर केव्हाचीच पळत होती.