जुन्या कॅम्पातली एकच कबर

कंपनीने वसवलेल्या गावावर माझा लहानपणापासून विश्वास नाही. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. पण माझे वडील कोलारच्या सोन्याच्या खाणीत टाइमकीपर होते आणि आमचं बिऱ्हाड तिथल्या वसाहतीत होतं. घर कंपनीचं, नळ कंपनीचा, दवाखाना कंपनीचा, दारातला गुलमोहरसुद्धा कंपनीचा. एखाद्या शाफ्टमधलं सोनं आटलं की त्या शाफ्टच्या माणसांना सामान बांधायला सांगत. मागे गार चुली राहत आणि धुतलेल्या मातीच्या उंच टेकड्या. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं अशीच दिसेनाशी झाली. असल्या गावात आयुष्य काढायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आणि पुढे पोटासाठी गेलो कुठे, तर अबूधाबीच्या वाळवंटात, तेल कंपनीच्या कॅम्पात, स्टोअरकीपर म्हणून.

अमिरात नावाचा देश तेव्हा नव्हता. आमच्या कॅम्पापासून अबूधाबीला जायचं म्हणजे खारट चिखलातून गाडी ढकलत जाणं. आधी नुसते तंबू होते. मग लाकडी केबिनी आल्या, मेस आली, धोबीखाना आला, पाण्याची उंच टाकी आली. मग मशीद उभी राहिली आणि लोक या सगळ्याला गाव म्हणायला लागले. मी नाक मुरडायचो. पण जहूर सुतारासमोर तसं बोलायची सोय नव्हती, कारण त्या गावातली बहुतेक दारं-खिडक्या त्याच्या हातची होती.

जहूर कोकणातल्या खाडीकाठच्या एका लहान गावातला. बांध्याने आडवा, आवाजाने मोठा आणि स्वतःचा रंधा कुणाला हात लावू न देणारा. विलायतेहून येणाऱ्या खोक्यांच्या लाकडावर त्याचा भयंकर राग. एकेक फळी वाकवून माझ्या नाकासमोर धरायचा आणि विचारायचा, "हमदुल्लाभाई, स्टोअरमधून मला लाकूड इश्यू केलंय की पापड?" पण त्याच पापडातून त्याने मशिदीचं असं दार केलं, की साहेब लोक त्याचा फोटो काढून घेऊन गेले. स्वतःच्या केबिनीला त्याने गावाकडच्यासारखी पडवी काढली होती. दुपारी तिथे बसलं तर माणूस भाजून निघायचा. तरी हा हट्टाने तिथेच चहा प्यायचा आणि मलाही प्यायला लावायचा.

त्याचा धाकटा भाऊ शौकत. तेवीस-चोवीस वर्षांचा, हसरा, कबड्डीत कुणाला न आवरणारा. त्याला इकडे आणायला आईचा, मैमुनाबींचा, सपशेल नकार होता. नवरा गेल्यावर दोन मुलांवर त्या बाईने दिवस काढले होते. एक परदेशी गेला तेवढा पुरे, असं तिचं म्हणणं. जहूरने सुट्टीत जाऊन तिची समजूत घातली. "अम्मा, माझ्या नजरेसमोर राहील," असं तो म्हणाला. शौकत पाइप उतरवणाऱ्या टोळीत लागला आणि संध्याकाळी पडवीत आमच्याबरोबर चहाला बसू लागला.

एकसष्ट सालच्या जूनमध्ये लॉरीवरचे पाइप घसरले आणि शौकत त्यांच्याखाली सापडला. दवाखान्यात नेईपर्यंत खलास. त्या उन्हात मय्यत ठेवणं शक्य नव्हतं आणि अबूधाबीला न्यायला रस्ता नव्हता. आम्हीच त्याला गुसल दिलं, शेवटची आंघोळ घातली. कबरीत आडव्या लावायच्या फळ्या जहूरने स्वतः कापल्या. त्याचे हात नेहमीसारखे चालत होते. टाकीच्या मागे, वस्तीपासून जरा लांब, दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर आम्ही शौकतला मातीत ठेवलं. त्या कॅम्पातली ती पहिली कबर, आणि शेवटचीही.

मग जहूरने कबरीच्या डोक्याशी उभी करायची फळी करायला घेतली. किनाऱ्यावर फुटलेल्या एका गलबताची जाड सागाची फळी त्याने कुठून तरी मिळवली, तासली आणि तिच्यावर शौकतचं नाव आणि गावाचं नाव कोरलं. कॅम्पात वाळवंटातला एक बदू अरब पहारेकरी होता, त्याने सांगितलं होतं, दोन दगड उभे करा, आम्ही तेच करतो. जहूर त्याच्यावर उखडला. "गावाकडे लाकूड का टिकत नाही? पाऊस आणि वाळवी. इथे दोन्ही नाहीत," तो मला म्हणाला. "ही फळी कयामतपर्यंत हलणार नाही, हमदुल्लाभाई." मी तरी मूळचा कोकणातलाच, मला त्याचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

मैमुनाबींचा निरोप गावाहून आलेल्या माणसाने तोंडी आणला. त्यात दोष नव्हता, आकांत नव्हता. त्यांना फक्त एकदा शौकतच्या कबरीपाशी उभं राहायचं होतं आणि गेलेल्यासाठी पढतात तो फातिहा स्वतःच्या तोंडाने पढायचा होता. निरोप ऐकताना जहूरने डोळे पुसले आणि म्हणाला, "तिला आणणार. काही झालं तरी आणणार." त्या दिवसापासून तो त्यासाठीच जगत होता, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

त्रेसष्टमध्ये व्हायचं तेच झालं. तेलाच्या जहाजांसाठी समुद्रावर धक्का झाला आणि कंपनीने नवी वसाहत तिथे वसवली. तिथे सिमेंटची घरं, पंखे, शोभेची झाडं. साहेब तिला आतापासूनच 'टाउनशिप' म्हणत होते. जुना कॅम्प उचलायचा हुकूम निघाला आणि तो उचलायला नेमला कोण, तर जहूर. मी चिडलो, वर जाऊन बोलतो म्हणालो. त्याने मला अडवलं. "कॅम्प शिफ्ट होतोय, भाई. कबर थोडीच शिफ्ट होणार? ती फिक्स आहे." स्वतः ठोकलेले खिळे त्याने स्वतःच उपटले. टाकी उतरवली, मेस उतरवली, शेवटी मशीद उतरवून तिचं दार गोणपाटात बांधलं. मोडक्यातोडक्या फळ्या तिथेच पडून राहिल्या. निघायच्या आधी त्याने कबरीच्या फळीला तेल चोळलं आणि ती हलवून बघितली. घट्ट उभी होती.

आईला आणायला मात्र पुढची अडीच वर्षं गेली. कधी रजा नाही, कधी कागद नाहीत, कधी तिचीच तब्येत बरी नाही. जुन्या कॅम्पाकडे गाड्या जायच्याच बंद झाल्या होत्या, त्यामुळे जहूरलाही पुन्हा तिकडे जाता आलं नाही. पण त्याला काळजी नव्हती. फळी आहे, मग चिंता कसली?

सहासष्टच्या जानेवारीत मैमुनाबी बोटीने दुबईला उतरल्या. हजला जायचं म्हणून त्यांनी जे गाठीशी ठेवलं होतं, ते या वाटखर्चात गेलं होतं. लहानखुऱ्या, डोक्यावर पदर घट्ट ओढलेल्या, बोलायला अगदी मोजक्या. मी साहेबाच्या नाकदुऱ्या काढून ड्रायव्हरसकट एक लँडरोव्हर मिळवली. वाटभर त्या एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारत राहिल्या. "सावली आहे का रे तिथे?" जहूर दर वेळी सांगत होता, "नाही अम्मा. पण मोकळी हवा आहे."

आम्ही पोचलो तेव्हा समोर नुसती वाळू होती. टाकी नव्हती, मशीद नव्हती, हे आम्हाला ठाऊकच होतं. पण फळीही नव्हती. मोडकी लाकडं पडली होती तिथेही एक ढलपी उरली नव्हती. जहूर आधी चालत, मग धावत सगळीकडे फिरला. एका जागी त्याच्या पायाला सिमेंट लागलं. त्याने हातांनी वाळू ओढली आणि ओरडला, "मेस! ही मेसची फरशी. म्हणजे टाकी इकडे, आणि कबर त्या बाजूला." मलाही हायसं वाटलं. थोडं पुढे गेलो तर वाळूखाली आणखी एक फरशी निघाली. तेवढीच लांब, तेवढीच रुंद. कंपनीच्या इमारती सगळ्या एकाच मापाच्या. मेस कुठली आणि धोबीखाना कुठला, हे भिंती नसताना कोण सांगणार? पहिली मेस धरली तर कबर उजवीकडे येत होती, दुसरी धरली तर डावीकडे. वाऱ्याने सगळी जमीन एकसारखी करून टाकली होती. दोन्ही फरश्यांच्या मध्ये जहूर डोकं धरून बसला.

दुरून आमची गाडी बघून एक म्हातारा बदू उंट घेऊन आला. मी मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं. त्याने काही लपवलं नाही. कॅम्प उठला त्या वर्षी थंडी फार होती, तो म्हणाला. इथे लाकूड खूप पडलं होतं, आम्ही सगळ्यांनी ते नेऊन जाळलं. आडवी झालेली एक कोरीव फळीही त्यात होती, दाराची असेल असं वाटलं. कबर आहे हे कळतं तर हात लावला नसता. आमच्याकडे कबरीला दगड असतो. बोलता बोलता त्याला सगळं उमगलं. त्याने मैमुनाबींकडे पाहिलं आणि हात वर करून दुआ मागितली. शिव्या द्यायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाने समोर पडलेलं लाकूड जाळलं. त्याला मी काय बोलणार?

हे सगळं जहूरला आईला सांगावं लागलं. तो तिच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "अम्मा, मला सापडत नाही." मैमुनाबींनी चपला काढल्या. "त्याच्या अंगावर पाय पडायला नको," म्हणाल्या. पहिल्या फरशीपासून त्यांनी चालायला सुरुवात केली. आवणात भाताची लावणी करणाऱ्या बाया सरकतात तशा त्या एका ओळीने जात, टोकाला पोचल्या की शेजारची ओळ धरत. पाऊल टाकण्याआधी वाकून वाळूला हात लावत. ओठ सारखे हलत होते. पदराच्या गाठीत त्यांनी गावाहून सुकलेला मोगरा आणला होता, तो चिमटीचिमटीने टाकत होत्या. वारा तो टाकल्या टाकल्या उडवून नेत होता. जहूर मागून चालत होता आणि "बस झालं, अम्मा, बस झालं," म्हणत होता. मी गाडीच्या आडोशाला जाऊन रडलो. ऊन उतरलं तसा ड्रायव्हर हळूच म्हणाला, "यल्ला भाई, अंधार झाला तर रस्ता मिळणार नाही." तेव्हा अर्धी जागा बाकी होती. ती तशीच राहिली.

परतीची बोट दुबईहून होती. खाडीच्या काठावर, माणसांना बोटीवर नेणारी होडी लागली, तेव्हा मैमुनाबींनी जहूरची बाही धरली.

"तू चल माझ्याबरोबर."

"अम्मा, मी गेलो तर तो कुठे आहे हे सांगणारं इथे कुणीच उरणार नाही."

"तुला तरी कुठे ठाऊक आहे रे?"

रागाने नव्हत्या बोलल्या, खरंच विचारत होत्या. त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं, "मला एकच राहिलाय आता. चल." त्याने मान हलवली, तिची बोटं बाहीवरून एकेक करून सोडवली आणि तिचा हात होडीवाल्याच्या हातात दिला. होडी लांब जाईपर्यंत ती बाई पाठमोरी बसून होती. मी जहूरला नको नको ते बोललो. मेलेल्यासाठी जितीला टाकतोस, असंही म्हणालो.

नव्या वसाहतीत सुतारमेस्त्रीची चांगली जागा होती, पक्की खोली होती. त्याने ती सोडली आणि जुन्या कॅम्पाजवळच्या तेलाच्या बंद विहिरीवर चौकीदारी मागून घेतली. ते काम दुसऱ्या कुणालाच नको होतं. मी रेशनच्या गाडीबरोबर कधी गेलो तर तो वाळू उकरत असायचा. दोन्ही फरश्यांच्या बाजूला त्याने चर खणले होते. रात्रीचा वारा ते बुजवायचा. तो सुट्टी मागत नसे, गावाचं नाव काढत नसे. मी दिलेला चहा तेवढा प्यायचा.

अडुसष्टच्या पावसाळ्यात मैमुनाबी गेल्या. मी ते सांगायला मुद्दाम गेलो. त्याने ऐकलं, पाण्याऐवजी वाळूने तयम्मुम करून नमाज पढला आणि मला विचारलं, "मातीला माणसं होती ना?" मी हो म्हणालो. मी सुट्टीचा कागद भरून आणला होता, सहीपुरता. त्याने तो परत माझ्या खिशात ठेवला.

पुढच्या वर्षी मी रजेवर गेलो तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या गावी गेलो. मैमुनाबींची कबर कुठे, हे विचारायचीही गरज पडली नाही. मशिदीमागे, आंब्याखाली, एक शेजारीण हात धरून घेऊन गेली. मी जहूरच्या वतीने फातिहा पढलो. परत येताना माणसं दारात येऊन विचारत होती, थोरला कुठे आहे, आई गेली तरी आला नाही तो? मी सगळ्यांना एकच सांगितलं. कामावर आहे, सुट्टी मिळाली नाही.